बैठकीतला परवलीचा शब्द

आमच्या घरी फोन आला तेव्हा गावात पोस्ट सोडलं तर दुसऱ्या कुणाकडे फोन नव्हता, आणि पोस्टातला निम्मा वेळ बंदच असायचा. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची, उंद्रीतले मोठे कास्तकार आणि पंचायत समितीत ऊठबस असलेले. फोन त्यांच्या मानासाठी आला होता, म्हणून तो बैठकीत ठेवला गेला. काळा, जड, बाजूला फिरवायचं हँडल. त्याच्यावर सासूबाईंनी विणलेला रुमाल आणि शेजारी मामाजींची आरामखुर्ची. बैठक म्हणजे पुरुषांची जागा. सकाळच्या चहापासून जेवणवेळेपर्यंत तिथे चार-सहा माणसं सुपारी कातरत बसलेली असायची. घरातल्या बायकांचं तिथलं काम पाण्याचा तांब्या ठेवून मागे फिरण्याएवढंच.

आणि माझी नोकरी त्या फोनवर चालायची.

लग्नाआधी मी नर्सचं शिक्षण घेतलं होतं. माहेर मेहकरकडचं, वडील शाळामास्तर, त्यामुळे शिकवलं. तालुक्याच्या गावी एका संस्थेचं औषधकेंद्र होतं, त्यात मी लागले. लोक ज्याला महारोग म्हणत आणि आमचे डॉक्टर ज्याला कुष्ठरोग म्हणायला लावत, त्याचं ते केंद्र. अंगावर बधिर चट्टा उठला की बायका तो पुरुषाला दाखवत नसत. मांडीवर असेल, पाठीवर असेल, कशा दाखवतील? म्हणून मी. आम्ही तीन-चार जण वेगवेगळ्या गावांतून काम करायचो आणि सगळ्यांची मिळून केंद्रात एकच लोखंडी कपाट होतं. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड. कोणाला किती गोळी, कधी वाढवली, कोणाला ती बाधली, चट्ट्यावर पीस फिरवलं तर कळतं की नाही, सगळं त्या कार्डावर. कार्ड पाहिल्याशिवाय गोळी द्यायची नाही हा डॉक्टरांचा दंडक होता, आणि तो बरोबर होता. गोळी जास्त झाली तर माणूस तापानं फणफणायचा.

मुलगा झाला आणि माझं रोजचं एस.टी.नं जाणं-येणं थांबलं. अंगावर पिणारं लेकरू टाकून सून तालुक्याला जाते हे सासूबाईंना सहन होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही जाववत नव्हतं. नोकरी सोडते म्हणून सांगायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, सोडता कशाला, तुमच्या घरी फोन आहे ना? बायका तुमच्याकडे येतील. तुम्ही फोन करून कार्ड विचारा, काय दिलं ते सांगा, कंपाउंडर इकडे लिहून घेईल. मला ते इतकं आवडलं की बसमध्ये मी एकटीच हसत होते. किती मूर्ख होते मी, असं आता लिहायचा मोह होतो. पण मी मूर्ख नव्हते. फोन बैठकीत आहे, हे मी डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, घरचेच लोक आहेत ना.

डॉक्टर पुण्याकडचे. माणूस हुशार आणि मनापासून काम करणारा, पण आमचं बोलणं ऐकून त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात नेहमी थोडं हसू असायचं. फोनची पद्धत त्यांनीच घालून दिली. त्याआधी एकदा निवडणुकीच्या धामधुमीत कुणीतरी केंद्रात फोन करून, मी अमक्या गावचा कर्मचारी बोलतो असं सांगून, विरोधी उमेदवाराचा भाऊ गोळ्या नेतो का ते विचारलं होतं. कंपाउंडरला आवाज ओळखीचा वाटला नाही म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम झाला. फोनवर नाव घ्यायचं नाही, कारण एक्स्चेंजवाला ऐकतो. फक्त कार्डाचा नंबर सांगायचा. आणि नंबराच्या आधी त्या आठवड्याचा परवलीचा शब्द. शब्द बरोबर असेल तरच कंपाउंडरनं कपाट उघडायचं. शब्द डॉक्टर ठरवायचे, आणि त्यांना फुलांचा शौक होता. एका आठवड्याला बकुळ, एका आठवड्याला अबोली. गोळ्यांच्या पुड्याबरोबर चिठ्ठीत लिहून, लाखेची मोहर लावून, दर सोमवारी कंडक्टरच्या हाती यायचा.

तो पुडा माझ्या हातात आला तेव्हा त्याच्यावरची मोहर शाबूत होती, असं एकदाही झालं नाही. घरात जे येईल ते मामाजींनी फोडायचं, मग ते खताचं बिल असो, मुलीच्या सासरचं पत्र असो की माझी लाख लावलेली चिठ्ठी असो. त्यात लपूनछपून काही नव्हतं. फोडायचे, वाचायचे, घडी घालून आत पाठवायचे. पहिल्यांदा मी सासूबाईंकडून सांगून पाहिलं की हे केंद्राचं गुपित आहे. मामाजी बाहेरूनच म्हणाले, "सुनेच्या नावानं आलं म्हंजे घरालेच आलं न?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. नवऱ्याला सांगितलं. ते चिखलीच्या शाळेत मास्तर, शनिवारी घरी यायचे. जाऊ दे ना, बाबा कोणाला सांगणार आहेत, असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

मग फोन करायचं. बाजाराच्या दिवशी बायका मागच्या दारानं यायच्या, कारण बाजाराला आलेल्या बाईला कुणी कुठे गेली होतीस म्हणून विचारत नाही. कुणी पदराखाली भाजी आणायची, कुणी शिवायला दिलेलं झंपर न्यायला आल्यासारखी यायची. मी परसात, न्हाणीच्या आडोशाला चट्टा बघायची. मग त्यांना तिथेच बसवून, डोक्यावरून पदर घेऊन बैठकीत जायची. मी दारात दिसले की गप्पा थांबायच्या. माना खाली. अदब म्हणून थांबायच्या हो, पण त्या शांततेत माझा एकेक शब्द भिंतीवर आपटून परत यायचा. हँडल फिरवायचं, एक्स्चेंजवाल्याला नंबर मागायचा, केंद्र लागलं की कंपाउंडर विचारणार, शब्द? आणि मी त्या सगळ्या पागोट्या-टोप्यांसमोर म्हणणार, अबोली.

एकदोन महिन्यांत ती त्यांची करमणूक झाली. मामाजींचे एक दोस्त होते, दात नसलेले. ते मी फोनकडे निघाले की विचारायचे, "आज कोनतं फूल हाये, सूनबाई?" मामाजी त्यांना दटावायचे आणि स्वतःही हसायचे. एका आठवड्याला डॉक्टरांनी सोनचाफा दिला तेव्हा मामाजी म्हणाले, हे बरं आहे, मागचं काही जमलं नव्हतं. त्यांनी उठून जावं असं मी म्हणायला हवं होतं, असं नंतर मला तालुक्यातल्या खुर्चीवर बसून सांगण्यात आलं. सासऱ्याला त्याच्याच बैठकीतून ऊठ म्हणणारी सून आमच्याकडे तरी तेव्हा जन्मली नव्हती. हळू बोलावं तर लाईन इतकी खराब, की कंपाउंडर तिकडून ओरडायचा, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला.

त्या बायकांत दोघी मायलेकी होत्या. शेजारच्या खेड्यातल्या. जमीन बेताची, बाप मोट सोडून नवीन इंजिन बसवायच्या खटपटीतला, घर स्वच्छ. मुलीच्या दंडावर रुपयाएवढा चट्टा होता. पहिल्यांदा आल्या तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती आणि मी केंद्रात होते. आई तेव्हा मला म्हणाली होती, "बाई, पोरीचं नाव तं कोठी जानार नाई ना?" मी तिचा हात धरून सांगितलं होतं की नाव कुठेच जाणार नाही, कार्डावर फक्त नंबर आहे. त्यांनी गोळी एक दिवस चुकवली नाही. मुलगी साडी नेसायला लागली आणि चट्टा पुसत गेला. शेवटी डॉक्टरांनी तिला तपासून कार्डावर लिहिलं, रोगमुक्त. ते मी फोनवर ऐकलं आणि परसात जाऊन सांगितलं. आईनं माझ्या पायाला हात लावला, मला अगदी अवघडल्यासारखं झालं. मुलगी मात्र स्वतःच्या दंडाकडे पाहत राहिली. तिनं तिथे बोटांनी हळूच चिमटा काढला, लागला, आणि ती हसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला सोनाळ्याचं स्थळ आलं. चांगलं होतं. मुलगा सोसायटीत कामाला, घरी ओलिताची शेती. आणि मुलाचा बाप मामाजींचा सोयरा निघाला.

आमच्याकडे सुपारी फुटायच्या आधी चौकशी होते. दोन्हीकडच्या भागातल्या एखाद्या वजनदार माणसाला विचारायचं, घर कसं, माणसं कशी, रक्तात काही दोष नाही ना. आमच्या भागातल्या अशा चौकशा मामाजींकडे यायच्या. त्यांनी होय म्हटलेली सोयरीक मोडली नाही हा त्यांचा मोठा अभिमान. त्यासाठी ते बैलगाडी जुंपून दोन-दोन गावं पालथी घालत. सोनाळ्याच्या सोयऱ्यानं विचारल्यावर त्यांना गाडी जुंपायची गरज पडली नाही. ती मायलेकींची जोडी बाजाराच्या दिवशी आमच्या परसात येताना त्यांनी ओसरीवरून पाहिली होती, आणि लगोलग मी बैठकीत येऊन कोणता नंबर सांगते तेही ऐकलं होतं.

मला कळलं ते दुपारी. दुसऱ्याच एका बाईसाठी मी फोन केला. शब्द सांगितला, नंबर सांगितला, गोळी विचारली. कंपाउंडर म्हणाला, "ताई, सकाळी तुमच्या घरी ते दुसरं कार्ड वाचून दाखवलं, ते भेटलं न बराबर?"

कोणतं कार्ड, हे मी विचारलं नाही. माझ्या मागे मामाजी पेपर वाचत होते. त्या दिवशी बैठकीत दुसरं कुणी नव्हतं. मी फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी समोरासमोर उभी राहून बोलले. विचारलं, तुम्ही केंद्रात फोन केला होता का?

"केला. काऊन?"

मी म्हटलं, ते कपाट मी सोडून कुणी उघडायचं नाही.

"मी काई चोरी केली काय? शब्द तू माह्यासमोरच सांगत होती रोज. अन् मी सोयऱ्याले फसवू?"

मी म्हटलं, ती मुलगी बरी झाली आहे. कार्डावरच तसं लिहिलं आहे, रोगमुक्त.

"हो, वाचलं न त्यानं मले," मामाजी म्हणाले. "पन कार्ड हाये न?"

मी त्यांची विनवणी केली. हो, केली. पदर सरकला, तोही सावरला नाही. सोयऱ्याला काही कळवू नका, हे नाव बाहेर गेलं तर ती मुलगी घरात कुजेल, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या बायका यायच्या थांबतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत. मी कोणाचं नाव कशाला बदनाम करू, म्हणाले, मी फक्त थांबा म्हणून सांगितलं आहे, माणूस सकाळीच गेला. एवढं बोलून त्यांनी पेपर उलटला.

थांबा. त्यांच्या तोंडून थांबा आला की काय समजायचं ते सगळ्या मुलुखाला माहीत होतं. सोनाळ्याहून निरोप आला, मुलाला इतक्यात करायचं नाही. कारण सांगितलं असतं तर ते एकच कारण लोकांनी चघळलं असतं. सांगितलं नाही, म्हणून दहा निघाली. पण मायलेकी बाजाराच्या दिवशी कुठे जातात हे एकदा एकानं पाहिलं, मग दुसऱ्यानं आठवून पाहिलं, आणि माझ्याकडे येणाऱ्या बाकीच्या बायकांकडेही लोक त्याच नजरेनं बघायला लागले. पुढच्या बाजाराला परसात तिघी कमी होत्या. त्याच्या पुढच्याला कुणीच नव्हतं. गोळ्यांचा पुडा माझ्या फळीवर तसाच पडून राहिला. त्या बायकांपैकी एकीच्या करंगळीला तेव्हा नुकताच बाक यायला लागला होता. गोळी मिळाली असती तर तो तिथेच थांबला असता. हे मला माहीत होतं, आणि तिच्या घरी जाऊन गोळी द्यायची सोय राहिली नव्हती. मी तिच्या दारात उभी राहणं म्हणजे दवंडी पिटण्यासारखं झालं होतं.

मुलीची आई त्यानंतर एकदा आली, आणि भर दुपारी पुढच्या दारानं आली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "तुमी म्हनल्या होत्या, नाव कोठी जानार नाई." मी म्हटलं, नाव नाही गेलं. खरंच नव्हतं गेलं. डॉक्टरांचा एकही नियम मोडला नव्हता. फोनवर कुणी नाव घेतलं नव्हतं, नंबर बरोबर होता, फूल बरोबर होतं. कंपाउंडरनं नेमकं तेच केलं होतं जे त्याला शिकवलं होतं. त्याला शब्द तपासायला सांगितलं होतं, तोंड तपासायला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. मुलगा कडेवर घेऊन गेले. सगळं सांगितलं, मोहर कोण फोडतं तेही. ते कपाळाला हात लावून बसले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही त्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगायचं ना." मला भयंकर राग आला. डॉक्टरांच्या घरी मी जेवले होते. त्यांच्या आई समोर असल्या की त्यांची बायको कप खाली ठेवतानासुद्धा आवाज करीत नसे. पण ती त्यांना शिस्त वाटत असावी, आणि माझी ती चूक. संस्थेचे अध्यक्ष मामाजींच्या ओळखीचे. मामाजींना कुणी काही विचारलं नाही. माझ्याकडून बेफिकिरी झाली असं ठरलं, माझं घरून चालणारं काम बंद झालं, आणि परवलीचा शब्द बदलला. निरोप घेताना डॉक्टर म्हणाले, मूल मोठं झालं की बघू. मूल मोठं झालं. मला कुणी बोलावलं नाही.

मामाजी पुढेही माझ्याशी चांगलेच वागले. हेच मला जास्त झोंबतं. माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन फिरायचे, माहेरी जाताना मला साडी घ्यायचे. मी मात्र त्यांचं ताट वाढताना कधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडे पाहायचंच नसतं.

वर्ष उलटून गेलं आणि मुलीची आई परत आली, या वेळी मागच्या दारानं. मला बघून तिनं पदर नीट केला आणि घाईघाईनं सांगितलं, लोणारकडचं एक स्थळ आहे. बिजवर आहे, पण माणूस समंजस आहे. त्याच्या कानावर गेलंय, तरी तो नाही म्हणत नाही. फक्त म्हणतो, डॉक्टरची सही असलेली चिठ्ठी दाखवा, की पोरगी बरी झाली. केंद्रात स्वतः जायची आता तिची छाती नव्हती. ते बसस्टँडच्या समोर, ओसरीवर रांग, अर्धा तालुका येता-जाता पाहणार. सोनाळ्याचं तर मोडलंच होतं, हेही मोडलं असतं. ती म्हणाली, "बाई, तुमच्याबिगर मले तिकडचं कोनी वळखत नाई." माझ्याकडून तिचं एवढं नुकसान होऊनही ती माझ्याच दाराशी आली होती. दुसरं दार होतं कुठे तिला?

पत्र टाकायचं तर तेही बैठकीतूनच जाणार होतं. मी तिला न्हाणीच्या आडोशाला बसवलं, पदर घेतला आणि फोनपाशी गेले. कंपाउंडरनं माझा आवाज लगेच ओळखला. कशा आहात ताई, बाळ केवढं झालं, सगळं विचारलं. मग मी काम सांगितलं. एक कार्ड काढा, त्यावर रोगमुक्त लिहिलं आहे, डॉक्टरांकडून तेवढंच चिठ्ठीवर लिहून घ्या आणि माझ्याकडे पाठवा.

त्याला वाईट वाटत होतं, ते मला ऐकू आलं.

"ताई, शब्द सांगा."

मी म्हटलं, मी आता तिथे नाही, माझ्याकडे शब्द कुठून येणार? तुम्ही मला ओळखता. त्या मुलीचं पहिलं कार्ड मी माझ्या हातानं लिहिलं आहे. तो म्हणाला, ताई, तेच तर, मागच्या वेळेपासून फार कडक झालंय, शब्दाशिवाय कपाटाला हात लावायचा नाही. डॉक्टर गावाला गेले आहेत. माझी नोकरी जाईल. मी फोन खाली ठेवला.

आरामखुर्चीतून मामाजींनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना खरोखरच मदत करायची होती, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

"काय पाह्यजे होतं तुले?" ते म्हणाले. "मले सांग. मी अध्यक्षाले सांगून आनून देतो. मले नाई म्हनत नाई तो."

मागे ती बाई वाट पाहत बसली होती. तिच्या मुलीचं लग्न त्या चिठ्ठीवर होतं आणि चिठ्ठी आरामखुर्चीतल्या त्या माणसाच्या हातात होती. मी म्हटलं, एका कार्डाची चिठ्ठी हवी आहे. आणि नंबर सांगायला तोंड उघडलं, तोवर मामाजींनी हँडल फिरवायला घेतलं होतं. कार्डाचा नंबर त्यांना पाठ होता.